मागची बाजू तांबडी

फेरीतून येणाऱ्याला तैस्तवोग पांढरंशुभ्र दिसतं.
धक्क्यापासून चर्चपर्यंत एकतीस घरं,
दात घासून फोटोला बसल्यासारखी.
जरा मागे जा, बटाट्याच्या वाफ्यांकडे,
सरपणाच्या ढिगांकडे:
सगळी तांबडी.

जस्ताचा पांढरा महाग, वडील सांगायचे,
म्हणून समुद्राकडचं तोंड तेवढं पांढरं.
पाठीला गेरू, माशाच्या तेलात कालवलेला.
पाठ बघतो डोंगर,
आणि डोंगर कुणाला सांगायला जात नाही.

घरंही मुळात इथली नव्हेत.
हेरिंगच्या मागोमाग आली,
आतल्या फियोर्डमधून, सुटी करून, तराफ्यावर,
ओंडक्याओंडक्यावर आकडा कोरून.
हालस्टेनच्या घराचा सतरावा ओंडका वाटेत वाहून गेला.
तिथे त्याने मोडकी डोलकाठी बसवली.
वादळात ते घर डोलतं म्हणतात.
मी राहिलेय तिथे. कुरकुरतं, एवढंच.

हेरिंग इतकं, की वल्हं पाण्यात उभं राहायचं:
हे किनाऱ्यावरचं प्रत्येक गाव सांगतं.
आमच्या पदरात एवढंच,
की सोळा वर्षांनंतर एका जानेवारीत
बायका सुऱ्या परजून धक्क्यावर उभ्या राहिल्या
आणि मासा आलाच नाही.
मिठाला पाणी सुटलं.
पिंपं करणारे पेट्या करू लागले, माणसांच्या,
मग तेही अमेरिकेला गेले.
राहिले त्यांनी दर पाच वर्षांनी घर रंगवलं.
पुढून पांढरं.

वडील रंगारी, आयलर्ट नाव.
युद्धात रात्री तांबड्या बाजूने माणसं उतरायची,
बटाट्यांतून, वाकून, होडीकडे. पश्चिमेला जायची.
गावाला ठाऊक होतं.
सकाळी गाव विचारायचं, हवा कशी आहे?

आणि पांढऱ्या बाजूला, भर दिवसा,
आल्फिल्ड एका जर्मन पोराशी बोलायची.
एकोणीस वर्षांची. पोस्टात तिकिटं विकायची.
हेही गावाला ठाऊक होतं.

मे महिन्यात झेंडे निघाले.
चौकात तिला खुर्चीवर बसवलं,
खुर्ची बेकरीतली, कात्री मेंढ्यांची.
मी सात वर्षांची, कुणाच्या तरी कोपराखालून पाहत होते.
ती रडली नाही. तिने केस मागितले,
बांधून न्यायला. दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिच्या दर्शनी भिंतीवर एक शब्द होता,
खिडकीपासून खिडकीपर्यंत.
वडिलांनी शिडी लावली.
जस्त कुठेही मिळत नव्हतं त्या वर्षी,
तरी तीन हात पांढरा दिला त्यांनी,
पैसे घेतले नाहीत.
भला माणूस आयलर्ट, लोक म्हणाले.
मीही म्हणत आले.

आल्फिल्ड गेली नाही कुठे.
साठ वर्षं त्याच भिंतीमागे राहिली,
पोस्टात नाही, मासे डबाबंद करायच्या कारखान्यात.
तिला सगळे मान डोलावून नमस्कार करायचे.
कॉफीला कुणी बोलावलं नाही.
आता ते घर ऑस्लोच्या एका दातांच्या डॉक्टरचं आहे,
जुलैत येतात, जिरेनियम लावतात.

पण फेब्रुवारीत, दुपारी दोनच्या सुमारास,
ऊन भिंतीला घासून जातं
तेव्हा रंगाच्या थरांखालून अक्षरं वर येतात,
घडीच्या खुणा याव्यात कापडावर, तशी.
दहा मिनिटं. मग डोंगर ऊन काढून घेतो.

गेल्या वर्षी मी काठी टेकत अगदी जवळ गेले.
आयुष्यभर ब्रशांत वाढले मी,
केरोसीनचा वास घेत.
एकही ओघळ नाही त्या शब्दाला.
उभ्या रेषा ओळंब्याने टाकल्यासारख्या,
आणि शेवटच्या अक्षराला
ब्रश उचलतानाची ती छोटी गिरकी,
जी आमच्या दारावरच्या नावालाही आहे.

दातांचा डॉक्टर विचारत होता,
भिंतीला काही दोष आहे का, खरवडून घ्यावी का?
नको, म्हटलं. लाकूड जुनं आहे.
वरून अजून एक हात द्या.

मग घरी आले, मागच्या दाराने.